उलटी पाकळी

दादा काठी टेकत कोपऱ्यावरच्या बाकावर ऊन खायला गेले, की धाकटीचं दुसरं काम सुरू व्हायचं.

पहिलं काम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालायचं. या दुसऱ्या कामाचा घरात कोणाला पत्ता नव्हता. दादांनी सकाळी गोलावर चिकटवलेली एखादी पाकळी ती ओल्या फडक्याखाली भिजत ठेवायची, आणि सुटी झाली की जखमेवरची पट्टी सोडवावी तशी हलक्या हातानं उचलायची. मग नव्या तावातून तशीच दुसरी कापून सुलट लावायची, आणि दादा परत येईपर्यंत वाळावी म्हणून पुठ्ठ्यानं वारा घालत उभी राहायची. वारा घालता घालता कधी कधी उभ्या उभ्या डोळा लागायचा. हातातला पुठ्ठा पडायचा, त्या आवाजानं ती जागी व्हायची आणि पुन्हा वारा घालायची.

हे घर पृथ्वीचे गोल बनवणारं. वर दोन भावांचे संसार, खाली कारखाना. कारखाना म्हणायचा एवढंच. एक लांबट खोली, मधोमध कामाचं टेबल, आणि वर दोरीला टांगलेले कागदाच्या लगद्याचे पांढरेशुभ्र गोल, ज्यांच्यावर अजून ना समुद्र आला होता ना जमीन. थोरला मुलगा बाहेरची गिऱ्हाइकं बघायचा. थोरली सून फोन, बांधणी आणि रवानगी. धाकटा मुलगा छापखान्यात कामाला. दिवसभर यंत्रापाशी उभा राहून यायचा आणि जेवता जेवता पेंगायचा. गोलावर कागद चढवायचं काम मात्र दादांचं, म्हणजे सासऱ्यांचं, आणि त्यांच्या हाताखाली धाकट्या सुनेचं. तिला घरात सगळे धाकटीच म्हणत.

गोलावर नकाशा सपाट कागदासारखा चढत नाही, तो पाकळ्यांनी चढतो. पाकळी म्हणजे छापील कागदाची पट्टी, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती. एकीला लागून दुसरी अशा लावत गेलं, की गोल झाकला जातो. मग वर एक आणि खाली एक टोपी बसवली की पृथ्वी पुरी झाली. या वेळची मागणी शाळांसाठी होती, हवामानाच्या पट्ट्यांच्या गोलांची, आणि तेही मुक्या. ज्याच्यावर एकही नाव छापलेलं नसतं तो मुका गोल. वर्गातल्या मुलांनी नुसतं बघून ओळखायचं. त्यावर किनाऱ्यांच्या बारीक रेषा असतात आणि रंग असतात. कमरेला, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना, लाल पट्टा. तो उष्ण कटिबंध. त्याच्या वरही पिवळा आणि खालीही पिवळा, ते समशीतोष्ण. दोन्ही टोप्या निळ्या. ते शीत कटिबंध.

आता देवाची करणी बघा. ऊब वाटताना त्यानं उत्तर-दक्षिण असा दुजाभाव केला नाही. कमरेपासून जितकं वर जावं तितका गारठा वाढत जातो, आणि तितकंच खाली गेलं तरी तसाच वाढतो. म्हणून पाकळी सुलट धरा की उलटी, तिचा लाल शेजारणीच्या लालाला बरोबर मिळतो आणि पिवळा पिवळ्याला. जमिनीची पाकळी उलटी लागली तर किनारे तुटतात, ते लांबूनही कळतं. पण महासागराच्या पाकळ्या जवळजवळ कोऱ्याच. वरच्या कडेला किनाऱ्याचा नखाएवढा तुकडा, मधे कुठे बेटांचं पुंजकं, मोहरी सांडल्यासारखं, बाकी रंगच रंग. नावं छापलेली असती तर अक्षरं डोक्यावर उभी राहून ओरडली असती. मुका गोल बिचारा काय ओरडणार.

दादांची नजर वर्षभरापासून उतरत होती. रंग दिसायचे. जमिनीचे किनारे अंधुक कळायचे, पण समुद्रातल्या तुरळक बारीक रेषा दिसायच्या नाहीत. ते कुणाजवळही बोलले नव्हते, आणि त्यांचे हात इतके सरावलेले, की कुणाला संशयही आला नव्हता. धाकटीलाही आला नसता. एकदा वॉर्निशचा हात देताना तिला बेटांचं एक पुंजकं कमरेच्या वर दिसलं, जे तिनं आजवर नेहमी कमरेच्या खाली पाहिलं होतं. आधी तिला वाटलं, आपलेच डोळे थकले. मग तिनं जुना गोल काढून शेजारी ठेवला आणि मटकन स्टुलावर बसली.

सांगावं तर काय होईल, हे तिला माहीत होतं. मागे एकदा पाकळ्या कापताना दादांचं बोट कापलं. तेव्हा भाऊजींनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, सुरी काढून घेतली आणि म्हणाले, "आता तुम्ही आराम करा." दादांनी आराम केला. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. पाकळी लावताना देवाचं नाव गुणगुणायची त्यांची सवय, ती थांबली. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा जी थांबली नव्हती, ती थांबली. ताट समोर आलं की त्याच्यावर हात ठेवून बसायचे, जेवायचे नाहीत. शेवटी धाकटीच म्हणाली होती, "दादा, कापते मी. तुम्ही फक्त लावायचं बघा." तेव्हा कुठे ते परत टेबलापाशी आले, आणि आल्या आल्या म्हणाले, "खळीत गुठळ्या झाल्यात." घराला हायसं वाटलं.

म्हणजे सांगावं तर दादा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार, आणि या खेपेला उठायचे नाहीत. न सांगावं तर आपल्या दोन हातांनी दोघांचं काम ओढायचं, आणि ते किती दिवस ओढवेल कोण जाणे. या दोहोंच्या मधे ती फडकं भिजवत राहिली.

एके दुपारी तिची लेक चिंगी शाळेतून आली, ती दप्तर न उतरवताच आजोबांपाशी उभी राहिली.

"आजोबा, बाईंनी विचारलंय, ध्रुवाजवळ उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, मग तिथे सगळ्यात जास्त गरम का नाही होत?"

"तुझ्या बाईंना म्हणावं, एवढे कठीण प्रश्न आधी कळवून विचारत जा. जरा भांग तरी पाडून बसलो असतो."

"सांगा ना."

"तो डाव दे इकडे." दादांनी खळीच्या भांड्यात डाव बुडवून भरून घेतला. "हा सूर्य. आणि हा टिचभर पुठ्ठा म्हणजे कमरेजवळची जमीन. ओत. आता पसर."

चिंगीनं बोटांनी खळ पसरली. ती जाड, पांढरी, पुठ्ठा झाकून बसली.

"आता तो लांबडा पुठ्ठा घे. त्याच्यावरही एकच डाव. पसर या टोकापासून त्या टोकापर्यंत."

चिंगी पसरत गेली. अर्ध्यातच खळ संपत आली. ती बोटं घासत राहिली. शेवटाकडे नुसती ओल उमटली.

"मी डावात कमी घेतली होती?"

"नाही."

"मग?"

"पुठ्ठा मोठा आहे ना."

"झालं. कमरेवर ऊन डोक्यावरून सरळ येतं, थोड्या जागेत पडतं, दाट बसतं. टोकांकडे जमीन कलंडलेली, ऊन तिरपं येतं. तेवढंच ऊन, पण लांबवर पसरतं, पातळ होतं."

"पण मावळत नाही ना. म्हणजे चोवीस तास लावत राहतो की तो."

"पातळच लावत राहिला तर चिकटायचं किती? शिवाय तिथे बर्फ. पांढरा. आलेलं ऊन बरंचसं आल्या पावली माघारी पाठवतो. आणि हिवाळ्यात तर दुकानच बंद."

"मग आपण कुठल्या रेषेवर राहतो त्याच्यावर सगळं असतं?"

"पहिलं तेच. मग समुद्र जवळ असला, डोंगर उंच असला, तर इकडचं तिकडे होतं थोडं. पण पहिलं माप रेषेचं."

चिंगी समाधान पावून वर गेली. लांबडा पुठ्ठा तसाच टेबलावर पडला होता. त्याच्यावरची खळ वाळून तिचे पापुद्रे सुटू लागले होते. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. आपल्यातलं कोणी काही काढून घेतलेलं नाही, असं तिच्या मनात आलं. आपण लग्न होऊन आलो तेव्हा होतो तेवढ्याच आहोत. डाव भरलेलाच होता देवानं. पुठ्ठा तेवढा लांब लांब होत गेला. तिनं पुठ्ठा उचलून कचऱ्यात टाकला आणि उरलेली खळ पुन्हा ढवळायला घेतली.

"काय गं, गप्पशी?" दादा म्हणाले.

"काही नाही. खळ घट्ट होतेय."

"मग पाणी घाल. त्यात काय."

त्याच आठवड्यात थोरली कपाटापाशी उभी राहून ताव चाळत होती. थोरली मनानं वाईट नव्हती, पण तिची जीभ तिच्याआधी खोलीत शिरायची.

"समुद्राचे ताव एवढे कमी कसे झाले?" ती म्हणाली. "जमिनीचे आहेत की ढीगभर. समुद्र काय पिऊन टाकता का तुम्ही?"

धाकटीच्या हातातलं फडकं थांबलं. दादा टेबलाच्या पलीकडे बसून हाडाच्या पट्टीनं पाकळी दाबत होते.

"भिजले, ताई," धाकटी म्हणाली. "भांडं कलंडलं. माझाच धक्का लागला."

"बघ बाई. हल्ली तुझं लक्षच नसतं. परवाही हाक मारली तर ऐकू नाही आलं तुला. छापखान्यात आता पुन्हा सांगावं लागणार, ते वेगळंच." मग जराशानं, "तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"चेहरा तर सुकल्यासारखा झालाय."

दादांची पट्टी थोडा वेळ एकाच जागी फिरत राहिली, जिथे आधीच सगळं गुळगुळीत होतं.

आणि मग व्हायचं ते झालं. एका दुपारी फडकं पाकळीवर ठेवून धाकटी स्टुलावर टेकली, क्षणभरच म्हणून. जाग आली ती दाराशी काठीचा आवाज ऐकून. फडकं खाली पडलं होतं, पाकळी पुन्हा वाळून घट्ट बसली होती. दादा आत आले, हाश्शहुश्श करत बसले, आणि "आज ऊन काही खरं नाही" म्हणाले. तिनं ठरवलं, उद्या काढू. दुसऱ्या दिवशी तसलेच कितीतरी गोल ओळीनं टांगलेले होते, आणि त्यांतला तो कुठला, हे तिला काही केल्या आठवेना. एकेक फिरवून पाहायला हवा होता. चार-सहा पाहिले. मग मान भरून आली, आणि बाहेरून थोरलीची हाक आली, गाडी दाराशी उभी आहे. गोल गेले.

पुढे काही आठवडे गेले, आणि एका सकाळी भूगोलाच्या बाई कारखान्यात आल्या. चिंगीच्या शाळेतल्याच त्या. ठेंगण्या, घसा कायम बसलेला, साठीकडे झुकलेल्या. काखेत गोल होता, चादरीत गुंडाळलेला, आजारी लेकरू दवाखान्यात आणावं तसा. थोरली बांधणीची सुतळी हातात घेऊन पुढे आली. दादा आणि धाकटी टेबलापाशी होते.

"भांडायला नाही आले मी," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "माझी पण चूकच आहे. इतके तास याच्यावर शिकवलं, आणि मला नाही दिसलं. परवा मुलांना म्हटलं, मकरवृत्ताकडची बेटं दाखवा. अर्धा वर्ग पुस्तकात बघून खाली बोट ठेवतोय, अर्धा गोलात बघून वर. मी दोघांनाही रागावले."

त्यांनी चादर काढली. थोरलीनं गोल फिरवून पाहिला. "मला तर चांगला दिसतोय."

"तीच तर गंमत आहे. पट्टा चुकलेला नाहीच. बेटं लालातच आहेत, हवामान तेच. पण कमरेच्या पलीकडे गेली ना, म्हणजे ऋतू उलटला. आपल्याकडे ज्या महिन्यांत सूर्य चढतो, त्याच महिन्यांत तिकडे उतरतो. बिचाऱ्या बेटांवरची माणसं चुकीच्या महिन्यात घामाघूम होणार." बाई हसल्या, आणि हसता हसता खोकल्या. "एकच असता तर मी आलेच नसते. पण बाकीच्या शाळांतही गेलेत ना गोल. तेवढे तपासून घ्या, एवढंच सांगायला आले."

थोरलीनं गोल खाली ठेवला आणि धाकटीकडे वळली.

"ही उलटी लागलीय? पाकळी?"

"हो," धाकटी म्हणाली.

"कोणी लावली?"

धाकटीच्या तोंडात उत्तर तयारच होतं. इतके दिवस घोटून घोटून ते आपसूक येऊन बसलं होतं. "मीच," ती म्हणाली. "माझ्याकडून झालं, ताई."

"तुझ्याकडून? अगं, झोपेत लावतेस का तू पाकळ्या?"

"इकडे दे तो," दादा म्हणाले.

कोणी हललं नाही. मग बाईंनीच गोल उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. दादांनी डोळे मिटले, तसे मिटले तरी काही बिघडत नव्हतं, आणि अंगठा कमरेवरून हळूहळू फिरवत नेला. एका सांध्यावर थांबले. पुढच्यावर थांबले. मागे आले.

"ही माझी," ते म्हणाले. "मी डावीकडची कड वर चढवतो. धाकटी उजवीकडची चढवते. पहिल्यापासून. किती वेळा सांगितलं, ऐकत नाही." त्यांचा अंगठा त्याच जागी होता. "उगाच दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लावू नये, सूनबाई."

बाईंना कळलं, की आपण घरातल्या गोष्टीत उभ्या आहोत. त्या चादरीची घडी घालू लागल्या आणि घडी काही जमेना.

"किती दिवस चाललंय हे?" दादांनी विचारलं.

"बरेच."

"किती गोल?"

"मोजले नाहीत. सापडले तेवढे बदलले."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही उठून खुर्चीत बसला असतात."

"बसलो असतो," दादा म्हणाले. त्यांचा आवाज कडक होता. मग तो कडकपणा गळून गेला. "मला कळलं होतं. ताव भिजले म्हणालीस ना, त्या दिवशीच. तुझ्या हातून आजवर एक ताव भिजलेला नाही. मी म्हटलं, ही कशाला खोटं बोलतेय? मग दुसऱ्या दिवशी बाकावरून आलो आणि एक पाकळी जरा ओलसर लागली हाताला. सगळं समजलं."

"मग बोलला का नाहीत?" हे थोरलीनं विचारलं.

दादा तिकडे वळले नाहीत. "मलाही ती खुर्ची दिसत होती," ते म्हणाले. "तेवढी एकच गोष्ट स्वच्छ दिसते हल्ली."

धाकटी उभीच होती. तिला वाटलं होतं, हे सगळं उघडं पडेल त्या दिवशी आपल्याला रडू येईल, किंवा भीती वाटेल. तसलं काही आलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "मी दमलेय."

हे वाक्य या घरात तिनं कधी उच्चारलं नव्हतं. थोरलीनं सुतळी टेबलावर ठेवली. दादांनी मान खाली घातली. देवासमोर उभं राहून जितक्या साधेपणानं बोलावं, तितक्याच साधेपणानं ती बोलली होती.

"ठीक आहे," दादा म्हणाले. त्यांनी हाडाची पट्टी उचलली, पुसली, आणि टेबलाच्या मधोमध ठेवली, कोणाच्याही बाजूला नाही अशी. "मी सोडतो. तुला झोप मिळाली पाहिजे. माझं काय, बाक आहे, ऊन आहे."

"सोडू नका," धाकटी म्हणाली. "हात चुकत नाहीये तुमचा. वर कुठलं आणि खाली कुठलं, तेवढंच दिसत नाही. पाकळीच्या वरच्या टोकाला बारीक खाच पाडून दिली तर बोटाला कळेल. टोपीखाली झाकून जाईल ती खाच. कोणाला दिसणार नाही."

दादांचं बोट आपसूक हललं, जणू खाच चाचपून पाहत होतं. मग थांबलं. "आणि ती पाडणार कोण?"

"मीच."

"समुद्राच्या प्रत्येक पाकळीला?"

"हो."

"मग आणखी एक काम वाढलं तुझं. नको. झालं तेवढं पुरे."

खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. बाईंनी घडी सोडून दिली होती आणि चादर नुसतीच छातीशी धरली होती.

"खाच मी पाडते," थोरली म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"काय बघताय असं? कात्री धरता येते मला. दिवसभर सुतळी कापते ती काय दातांनी?" तिनं कपाट उघडून तावांचा गठ्ठा काढला आणि दाणकन टेबलावर टाकला. "आणि एक सांगू का, मला राग आलाय. दोघांचाही. मी हिला वाटेल ते बोलत राहिले, आणि तुम्ही दोघं तोंडाला कुलूप लावून बसलात. मी म्हणजे कोण, शेजारीण?" ती बाईंकडे वळली. "बाई, तुम्ही बसा, चहा टाकते. बाकीच्या शाळांना मी फोन करते आज. आणि तू वर जा. जा म्हणते ना. जेवायला उठवेपर्यंत उठू नकोस."

"पण ताई, आजच्या टोप्या—"

"टोप्या कुठे पळून जात नाहीत."

धाकटीनं हात पुसले. दादांकडे पाहिलं. त्यांनी पट्टी मधोमधून उचलून परत आपल्या हाताशी घेतली होती, पण धरली नव्हती. बाजूला ठेवून तिच्यावर तळवा ठेवला होता. सगळं मिटलं असं नव्हतं. खाच उपयोगी पडेल की नाही, कुणाला माहीत नव्हतं. नजर आणखी उतरली तर रंगही दिसेनासे होणार होते, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

ती दाराबाहेर पडली आणि जिना चढू लागली. चार पायऱ्या चढली असेल नसेल, आणि ती तिथेच बसली, भिंतीला डोकं टेकवून. भिंत गार होती, बरं वाटलं. उठावं, वर जावं, गादीवर पडावं, असं मनात आलं, पण मनात आलेलं पायांपर्यंत पोचायला हल्ली फार वेळ लागायचा.

खालून कात्रीचा आवाज येत होता. कच्. मग थांबला.

"दादा," थोरली म्हणत होती, "हे वरचं टोक की खालचं?"

"मला विचारतेस?"

"बाई, तुम्ही बघा बरं. भूगोल तुमचा."

"थांबा, चष्मा लावते. ही बेटं ना... नाही, ही कुठली बेटं आहेत? नावं नाहीत हो यांच्यावर."

"नाव नाही म्हणूनच तर रामायण झालंय सगळं. मी एक कापली. बहुतेक चुकली."

"जुना गोल असेल बघ वर," दादांचा आवाज आला. "तो काढ. त्याच्यावर नावं आहेत. शेजारी धरून पाहा."

स्टूल ओढल्याचा आवाज झाला. काहीतरी पडलं, आणि बाई हसल्या. "धाकटे," थोरलीनं जिन्याच्या दिशेनं हाक दिली, "वरचं टोक कुठलं गं?"

धाकटीला माहीत होतं. ज्या टोकाला किनाऱ्याचा नखाएवढा तुकडा, ते वरचं. एवढंच सांगायचं होतं, जागेवरूनही सांगता आलं असतं. तिनं डोळे मिटलेले होते, ते मिटलेलेच ठेवले.

"झोपली वाटतं," बाई म्हणाल्या.

"झोपू दे," दादा म्हणाले. "आण तो गोल इकडे. सापडेल आपल्याला."